लांब पल्ल्याच्या डोंगरयात्रेची तयारी उतारासाठी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीतला पाऊस ओसरतो, गवत पिवळे पडू लागते आणि पुण्या-मुंबईतल्या भटक्यांच्या गटांत राजगड-तोरणा-रायगड या सलग डोंगरयात्रेचे बेत शिजू लागतात. स्वराज्याच्या पहिल्या राजधानीतून निघायचे आणि जिथे १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला त्या दुसऱ्या राजधानीत पायी पोहोचायचे, या कल्पनेची ओढ मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आणि रायगड आहेत (तोरणा नाही, याची चुटपुट लागलेले आम्ही पुष्कळ जण आहोत), त्यामुळे या वाटेवरची वर्दळ वाढत जाईल असे धरून चालायला हरकत नाही. या दिवसांत पुरवण्यांतून गडांची वर्णने भरपूर येतात. तयारीविषयी जे काही छापून येते ते मात्र बहुतेक वेळा खरेदीची यादी असते. त्या यादीत जे सुटते त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

माझे म्हणणे असे आहे की या यात्रेची तयारी बहुतेक लोक पहिल्या दिवसाच्या चढासाठी करतात आणि यात्रा बिघडते ती शेवटच्या टप्प्यातल्या उतारावर. गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड गाठणे दमवणारे असले तरी ते दोन-तीन तासांचे काम आहे, पाय ताजे असतात आणि उत्साह उतू जात असतो. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचे, तिसऱ्या दिवशी तोरणा उतरून पश्चिमेला मोहरीच्या पठारापर्यंत चालायचे, आणि मग घाटमाथ्याच्या कड्यातून बोराट्याच्या नाळेने किंवा सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरून काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडाच्या पायथ्याला लागायचे, असा साधारण क्रम असतो. म्हणजे सर्वांत अवघड उतार येतो तो सर्वांत थकलेल्या पायांच्या वाट्याला. बोराट्याची नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ आहे. तिथे पायरी अशी नाही. प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या कलावर पडते, आणि पाठीवरच्या बोजासकट शरीराचा सगळा भार दर वेळी एका गुडघ्यावर झेलावा लागतो.

यामागचे शरीरशास्त्र साधे आहे, पण ते सहभागींना क्वचितच सांगितले जाते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो आणि उतरताना तोच स्नायू भाराखाली ताणला जात ब्रेक लावण्याचे काम करतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाची सवय नसेल तर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचे दुखणे लगेच जाणवत नाही. ते एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. राजगड-तोरण्याच्या धारेवरचे उतार ज्याने दुसऱ्या दिवशी हसतखेळत पार केले, त्याच्या मांड्या नेमक्या नाळेच्या तोंडाशी आल्यावर थरथरू लागतात ते यामुळे. यात दिलासा देणारी गोष्ट अशी की अशा उताराचा सराव आधी एकदा जरी नीट झाला असेल, तरी स्नायू त्याची सवय काही आठवडे राखून ठेवतात आणि पुढच्या वेळी इजा पुष्कळ कमी होते. म्हणून निघण्यापूर्वीच्या महिना-दीड महिन्यात पाठीवर वजन घेऊन केलेले उतार हीच खरी तयारी आहे. फुफ्फुसांची ताकद लागते हे खरेच, पण दम लागला तर माणूस उभा राहून श्वास घेऊ शकतो. गुडघा वळेनासा झाला की उभे राहून काही साधत नाही.

पुण्यातल्या सरावाची रीत पाहा. पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, किती मिनिटांत चढलो ते घड्याळात पाहायचे, वर दही आणि कांदाभजी खायची आणि वडापच्या जीपने खाली यायचे. वेळ वाचतो हे मान्य. पण डोंगरयात्रेच्या दृष्टीने सरावाचा अधिक मोलाचा भाग जीपमध्ये बसून वाया गेलेला असतो. ज्यांना सिंहगड जवळ नाही त्यांनी आपल्या इमारतीचे जिने वापरावेत, लिफ्टने वर जावे आणि जिन्याने उतरावे. शेजारी हसतील, हसू द्यावे. सुरुवातीला रिकाम्या पाठीने आणि मग आठवड्यागणिक थोडे थोडे वजन वाढवत, शेवटी यात्रेत न्यायची तीच सॅक तितकीच भरून हे करावे. निघण्यापूर्वीचे तीन-चार दिवस मात्र पायांना विसावा द्यावा. आदल्या रविवारी हौसेने दोन गड करून येणारे उत्साही लोक दुखऱ्या मांड्या घेऊनच गाडीत बसतात.

बुटांबाबत एकच सांगतो. दुकानात बूट घालून चार पावले चालून पाहतात ती सपाट फरशीवर. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा पुढच्या टोकावर आदळत राहतो, दोन दिवसांत नख काळे पडते आणि तिसऱ्या दिवशी बूट घालणेच नकोसे होते. यासाठी बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्यावेत, पुढे बोटभर मोकळी जागा असावी आणि उतरायला लागण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळून बांधावी, म्हणजे टाच मागे धरून राहते. नवे बूट थेट यात्रेला नेऊ नयेत हे सर्वांना ठाऊक आहे. कपाटात चार-पाच वर्षे पडून राहिलेले बूटही नेऊ नयेत हे फारसे कुणाला ठाऊक नसते. वरून नवेकोरे दिसणाऱ्या अशा बुटाचा तळवा आतून कुजलेला असतो आणि तो भर धारेवर आख्खाच्या आख्खा सुटून लोंबू लागतो. तळवा नायलॉनच्या दोरीने बुटाला आवळून बांधून, दर अर्ध्या तासाला गाठ पुन्हा मारत मोहरी गाठणारा गडी मी पाहिला आहे. तेव्हापासून माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन वाव दोरी असते.

आता वेळेच्या हिशेबाकडे वळतो, कारण काळोखात नाळेत सापडण्याचे मूळ बहुधा तिथे असते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला होता: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. फोनमधली वाटांची अ‍ॅप्स याच जातीचा हिशेब करतात. राजगडापासून तोरण्यापर्यंतची धार साधारण १२ किलोमीटर आणि तिच्यातला चढ ६०० मीटर धरला, तर या नियमाने साडेतीन तासांत तोरणा यायला हवा. प्रत्यक्षात बोजा घेतलेल्या गटाला सहा ते आठ तास लागतात. कारण घसाऱ्यावर उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागतो, कारवीतून वाट काढावी लागते, आणि ढोरवाटांनी चकवले की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. गटाचा वेग त्यातल्या सर्वांत संथ माणसाचा असतो ही गोष्ट तर कोणत्याच अ‍ॅपला ठाऊक नसते. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि नाळेत दोन्ही अंगांच्या कातळामुळे उजेड त्याच्याही आधी जातो. त्यामुळे नाळेत शिरायचे ते सकाळीच, आणि दुपारी तिच्या तोंडाशी पोहोचलेल्या गटाने त्या दिवशी तिथेच थांबायचे, हा नियम यात्रेचा कार्यक्रम आखतानाच लिहून ठेवला पाहिजे. नाळेच्या तोंडाशी उभे राहिल्यावर तो ठरवायला गेले की ‘आलोच आहोत तर उतरू’ म्हणणाऱ्यांचे बहुमत होते.

पाण्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि एका माणसाला दिवसभराच्या चालीला चार लिटर तरी लागते, उन्हात अधिक. हे वजन टाळण्यासाठी लोक ‘वाटेत टाकी आहेत’ या भरवशावर निघतात. गडांवर टाकी आहेत हे खरे, परंतु नोव्हेंबरात तुडुंब असलेले टाके मार्चमध्ये तळाला गेलेले असते, आणि राजगड व तोरणा यांच्यामधल्या धारेवर तर हमखास पाण्याची जागा धरून चालूच नये. वेल्हे-भुतोंडे रस्ता जिथे धार ओलांडतो त्या खिंडीच्या आसपास हंगामात, विशेषतः सुट्टीच्या दिवशी, एखाद्या झोपडीत ताक-सरबत मिळते. पण आडवारी ती झोपडी बंद असली तर दोष झोपडीवाल्याचा नाही. टाक्याचे पाणी फडक्यातून गाळून, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्यावे. गढूळ पाण्यात गोळीचा प्रभाव कमी पडतो, म्हणून गाळणे आधी. नुसते पाणी पीत राहूनही भागत नाही, कारण घामावाटे मीठ जाते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण, वर लिंबू पिळले की पिववते. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

खाण्याच्या बाबतीत आपल्या आयांना आणि आज्यांना जे कळत होते ते दोन मिनिटांच्या शेवयांच्या पाकिटाला कळत नाही. त्या शेवयांना पाणी लागते, इंधन लागते आणि मागे कचरा उरतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या, मेतकूट, गूळ-दाणे यांना यांपैकी काही लागत नाही. शिवाय वाळलेल्या गवताच्या मोसमात गडावर चूल पेटवणे म्हणजे वणव्याला निमंत्रण आहे. धुराने आग्या मोहोळ उठते ते वेगळेच. गडांच्या कड्यांना लटकलेली ही पोळी धुराने, अत्तराने किंवा आरडाओरड्याने चवताळली की पळायला जागा उरत नाही.

आता ज्यांच्याकडे हे पत्र विशेष रोखलेले आहे त्यांच्याविषयी. सशुल्क सहली नेणाऱ्या आयोजकांच्या जाहिराती फोनवर रोज येतात. गाडी कुठून सुटेल, नाश्त्याला पोहे की उपमा, परतीला किती वाजतील हे त्यांत असते आणि शेवटी ‘काठिण्य: मध्यम’ असे दोन शब्द. मध्यम म्हणजे कुणासाठी? कोणत्या दिवशी किती उतार आहे, सलग किती तास पाणी नाही, आणि यात्रा अर्धवट सोडायची वेळ आली तर कुठून सोडता येते, यातले काहीच त्यांत नसते. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या वाटेवर बाहेर पडायच्या जागा मोजक्याच, पण स्पष्ट आहेत. राजगडावरून परत गुंजवण्यात उतरता येते, धारेवरच्या त्या खिंडीतून रस्त्याला लागता येते, तोरण्यावरून वेल्ह्याला उतरता येते. मोहरीपर्यंत, रस्ता कसाही असला तरी, गाडी येऊ शकते. मोहरी मागे टाकून नाळेत शिरले की मात्र पुढे उतरणे किंवा आल्या वाटेने चढून परतणे, एवढेच हाती राहते.

म्हणजे मोहरी हा केवळ मुक्काम नाही, निर्णयाची जागा आहे. ज्याचा गुडघा आदल्या दिवशी बोलू लागला, ज्याच्या टाचेला फोड आला, जो तोरण्याच्या उतारावर वारंवार बसत होता, त्याला तिथून गाडीने पाठवणे यात मानापमानाचे काही नाही. तो रस्त्याने रायगडाला पोहोचून सोबत्यांना पाचाडला भेटू शकतो. यासाठी आयोजकाने गाडीची सोय आणि तिचा खर्च आधीच शुल्कात धरलेला हवा, आणि कुणी परत जायचे हे ठरवण्याचा अधिकार गटप्रमुखाचा असेल, हे पैसे घेतानाच सांगितलेले हवे. ‘पैसे भरलेत, मी उतरणारच’ हे वाक्य मोहरीच्या अंगणात ऐकून घ्यावे लागते ते हे आधी न बोलल्यामुळे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेच्या निकषांची व्यवस्था घालून दिली आहे. नोंदणी आहे का, हे सहभागी होणाऱ्याने विचारावे. पण नोंदणीच्या कागदाने नाळ सोपी होत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याची माहिती वेगळी मागावी आणि ती मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

स्थानिक वाटाड्या घेणे ही हौस किंवा उपकार नव्हे. नाळेतले धोंडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, गेल्या वर्षीची वाट यंदा दरडीने बुजलेली असू शकते, आणि जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर जे कोसळले त्यानंतर या डोंगरांना स्थिर समजण्याचे धाडस कुणी करू नये. फोनमध्ये उतरवून घेतलेली वाट ही कुणी तरी कधी तरी चाललेली वाट असते; शिवाय घळीत कातळामुळे उपग्रहांचा संकेत नीट मिळत नाही आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडेच सरकतो. मोहरी-सिंगापूरच्या माणसाला त्या आठवड्यात नाळेत काय स्थिती आहे ते ठाऊक असते. त्याला दोन-चार दिवस आधी कळवावे, मोबदला आधी ठरवावा आणि घासाघीस करू नये. जेवणाचेही तेच. वीस माणसे रात्री आठला दारात उभी राहून पिठलं-भाकरी मागतात तेव्हा त्या घरातल्या बाईला दळणापासून पाण्यापर्यंत कशाकशाची जुळवाजुळव करावी लागते, याचा विचार निघण्याआधी पुण्यातच करायचा असतो.

मुक्कामाच्या नियमांविषयीही आधी चौकशी करावी. संरक्षित गडांवर रात्री राहण्याबाबतचे निर्बंध बदलत असतात. पुरातत्त्व खात्याची परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावात राहून पहाटे चढावे आणि त्याप्रमाणे एक दिवस वाढवावा. जागा मिळेल तिथे पथारी टाकू, या भरवशावर तीन दिवसांचा कार्यक्रम बेतणे चुकीचे आहे.

अपघाताची तयारी म्हणजे प्रथमोपचाराची पेटी एवढाच अर्थ घेतला जातो. पेटी हवीच, पण ती वापरता येणारी दोन माणसे गटात हवीत, एक पुढे आणि एक अगदी शेवटी. फुरसे किंवा घोणस चावल्यास जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता रुग्णाला सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर नेणे, एवढेच करायचे असते. ते रुग्णालय त्या त्या टप्प्यावरून किती लांब आहे हे आधी शोधून ठेवायचे असते. १०८ आणि ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असतात, परंतु घळीत फोन लागतोच असे नाही. म्हणून आज कुठून कुठे जाणार, संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप येईल आणि तो न आल्यास काय करायचे, हे घरी एका जबाबदार माणसाकडे आणि मागच्या मुक्कामाच्या गावात लेखी ठेवावे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने बचावकार्याचे समन्वय केंद्र चालते आणि शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, यशवंती हायकर्स यांच्यासारख्या संस्थांचे लोक आपापले कामधंदे सोडून रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. त्यांना नेमकी जागा सांगता आली तर त्यांचे तास वाचतात आणि जखमी माणसाचेही.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुरवणीत अशा सलग यात्रांवर लेख छापताना त्यासोबत टप्प्यांची एक चौकट द्यावी: अंतर, चढ, उतार, त्या महिन्यात पाण्याची स्थिती, लागणारे तास आणि बाहेर पडायची वाट. दुसरी अशी की ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या वेल्हे आणि महाड येथील वार्ताहरांकडून दर पंधरवड्याला राजगड, तोरणा व रायगड येथील पाण्याची आणि दोन्ही नाळांची स्थिती चार ओळींत छापता आली, तर या वाटेने निघालेल्यांची मोठी सोय होईल. या कामात लागेल ती मदत करायला आमच्यासारखे जुने भटके तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक डोंगरभटका वाचक, पुणे